दुसऱ्या गाडीचे काटे

उद्यमनगरात लेथ बंद झाल्यावर जी शांतता होते
तिला तेलाचा वास असतो.
मीटर मी तेव्हाच उघडतो. दिवसा माणसं डोकावतात,
विचारतात, काय शिकलगार, किती किलोमीटर मागं घेणार?

घेत नाही.

गाडी कळ्याच्या चौगुले डॉक्टरीणबाईंची. जनावरांच्या.
मागच्या सीटवर बादली, दोरखंड,
खांद्यापर्यंत येणारे प्लास्टिकचे मोजे.
काटा तीन महिने शून्यावर झोपलेला.
"वेग कळत नाही, चालवता कशा?"
"उसाच्या ट्रॅक्टरमागं असते मी, अल्ताफभाई.
वेग असतोच किती?"

शिरोलीच्या भंगारातनं मीटर आणलं.
अकराशे सांगितले, नऊशेला दिलं.
काचेवर ओरखडा, आणि कडेच्या फटीत
तांदळाचा एक दाणा, हळदीचा.
कुणाची तरी गाडी नवी होती.

दोन स्क्रू, चांदणीच्या तोंडाचे.
स्टिअरिंग पार खाली घ्यायचं, मग मीटर पुढं कलतं,
दवाखान्यात उठवून बसवलेल्या म्हाताऱ्यासारखं.
मागं बत्तीस पिनांचं हिरवं सॉकेट.
पज्याला तीनदा सांगितलं, ओढू नको, कडी उचल.
त्यानं ओढलंच.

जोडलं. चावी फिरवली.
गाडी सेकंदभर सुरू झाली आणि गेली.
पिवळी चावी लुकलुकत राहिली.
इंजिन विचारतंय, तू कुठलं?
मीटर खरं तेच सांगतंय.
बदलीच्या गावी, हजेरीत नाव नसलेल्या पोराला
पहिल्या दिवशी व्हरांड्यात बसवतात, तसं चाललेलं.

लॅपटॉपची बिजागरी चिकटपट्टीनं बांधलेली.
बॅटरीला चार्जर लावला; मधेच व्होल्टेज ढेपाळलं
तर हातातलं मीटरही जातं.
आठ पायांची चिप, मुंगळ्याएवढी.
तिच्यात चाव्यांची ओळख, चार आकडी गुपित,
आणि रस्ता.

भंगारातल्या मीटरवर त्रेसष्ट हजार दोनशे बारा.
बाईंच्या जुन्या चिपमध्ये
एक लाख चौऱ्याऐंशी हजार तीनशे सहा.
"हेच टाकतो," म्हटलं.
"थांबा. मधले तीन महिने?"
पर्समधनं डायरी काढली, पानांना आयोडिनचे डाग.
बाजारभोगाव, रेडकू आडवं, रात्री दोन, जाऊन येऊन सव्वीस.
कळंबे, गाय, दगावली, एकोणीस.
स्टुलावर बसून बेरीज केली, दोनदा,
पाच हजार आठशे सत्तर.
"बाई, कोण विचारतंय?"
"मी विचारते. ऑइल कधी बदलायचं ते मला नको कळायला?"

तर एक लाख नव्वद हजार एकशे शहात्तर लिहिले.
आयुष्यात पहिल्यांदा मी आकडा वाढवला.

मग दोन्ही चाव्या एकेक करून ओळखीच्या केल्या.
पिवळा दिवा विझला. इंजिन लागलं ते लागलंच.
पज्यानं शिट्टी मारली.

तेव्हा दिसलं, खाली कोपऱ्यात, ट्रिप:
एक्केचाळीस पॉइंट सहा.
कुणीतरी निघताना बटण दाबलं होतं.
शून्य करून निघणारा माणूस हिशेबी असतो,
मालकाकडनं डिझेलचे पैसे घेणारा,
नाहीतर नवाच, गाडी किती देते ते बघणारा.
कोल्हापुरातनं निघाला असेल तर निपाणीपाशी.
पण कोल्हापुरातनंच निघाला असेल कशावरनं?
गाडी भंगारात आली, म्हणजे परत
मी बघत होतो.

पज्यानं मागनं हात घातला, बटण दाबून धरलं.
शून्य पॉइंट शून्य.
"मामा, एवढं राहिलं होतं."

बाई गेल्या. तांदळाचा दाणा काढायचा राहिला.

सकाळी फोन: काटा झकास चालतोय,
पण डिझेल अर्धं दाखवतंय, आणि टाकीत पावसुद्धा नाही.
म्हटलं, त्याला अजून त्या टाकीची सवय आहे.
एक सेटिंग बाकी आहे, शनिवारी या.
तोवर डायरी बघून भरा.